जुनी मांडणी

धाकटी जिना उतरून गेली तरी थोरली जागची हलली नाही. आधी तिने खिडकीशी जाऊन खाली पाहिले. धाकटी इस्पितळाच्या फाटकाबाहेर पडून बसथांब्याकडे वळली, तेव्हा कुठे थोरलीने पिशवीतून कागदाची एक पुडी काढली. पुडीत अंगाला लावायची पावडर होती. चिमूटभर घेऊन तिने ती आपल्या माउसवर भुरभुरली, जास्त झाली असे वाटून फुंकर घातली आणि आता फारच कमी उरली म्हणून पुन्हा भुरभुरली. थोडी कीबोर्डच्या पुढच्या कडेलाही लावली. मग दोन पावले मागे सरून मान तिरकी करून पाहिले. लांबून काही दिसत नव्हते, पण जो कोणी हात लावेल त्याच्या बाहीला ती लागल्याशिवाय राहणार नव्हती.

ही अक्कल तिच्या नवऱ्याची. तो जन्मभर एका कारखान्यात भांडारपाल होता आणि जगातला प्रत्येक माणूस खिशात निदान एक खिळा घालूनच घरी जातो, यावर त्याचा पक्का विश्वास होता. निवृत्त झाल्यापासून त्याला संशय घ्यायला घरात कोणी मिळत नव्हते. त्यामुळे बायकोच्या कचेरीतले प्रकरण कानावर आले तेव्हा तो मनातून खूशच झाला.

"तू तिला काही विचारू नकोस," तो म्हणाला होता. "विचारलंस की सावध होईल. पासवर्ड पण बदलू नकोस. तिला वाटू दे की तुला काही कळलेलं नाही."

"अहो, पण इतक्या वर्षांची ओळख आहे आमची."

"म्हणून तर. अनोळखी माणूस कशाला तुझ्या वाटेला जाईल?"



थोरली आणि धाकटी ही काही त्यांची खरी नावे नव्हेत, आणि त्या बहिणी किंवा जावाही नव्हत्या. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात रिपोर्ट टाइप करायची एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत या दोघी पाठीला पाठ लावून बसत. डॉक्टर चित्र बघून जे काही दिसेल ते यंत्रात बोलून ठेवत, आणि या कानाला हेडफोन लावून ते ऐकत नि टाइप करत. धाकटी नोकरीला लागली तेव्हा तिला काहीच येत नव्हते. थोरलीने तिला हाताशी धरून शिकवले. चष्मेवाले डॉक्टर तोंडात गोळी ठेवून बोलतात तेव्हा कुठला शब्द गिळतात, ते मधेच थांबले म्हणजे विचार करताहेत की शिंकणार आहेत, हे सगळे तिने शिकवले. पुढे पुढे दोघींचे इतके जमले की डबा एकीचा उघडला तर दुसरीचा आपोआप उघडे. विभागातल्या लोकांनी मग त्यांना ही नावे ठेवली आणि त्यांनीही ती मनावर न घेता वापरायला घेतली.

त्यांचा एक रिवाज होता. जी आधी येईल तिने दोघींचीही यंत्रे चालू करायची, दोघींचे नाव-पासवर्ड घालून रिपोर्टचा पडदा उघडून ठेवायचा, हेडफोन पुसायचे. म्हणजे मागून येणारीने पिशवी टेकवून लगेच कामाला लागावे. धाकटीची बस सकाळी लवकरची असल्याने बहुतेक वेळा हे काम तिच्याकडेच येई. एकमेकींचे पासवर्ड दोघींनाही आपापल्या पासवर्डपेक्षा जास्त पाठ होते.

आणि मग एके दिवशी सकाळी थोरलीचा पडदा बदलला.

तसा बदल फार मोठा नव्हता. पडद्याच्या खाली डाव्या हाताला "ठेवा" असे बटण असे आणि उजव्या हाताला "पाठवा". डॉक्टर मधे थांबले की अर्धा रिपोर्ट "ठेवा" करायचा, तो आपल्याकडेच राहतो. पुरता झाला, डॉक्टरांनी नजरेखालून घातला, की "पाठवा", मग तो सरळ वॉर्डात जातो. गेला की गेला, परत बोलावता येत नाही. थोरली डोळे मिटून टाइप करणाऱ्यांपैकी. कानात आवाज चालू असे, बोटे पळत असत आणि डॉक्टर थांबले की तिचा हात आपण होऊन डावीकडे जाई. त्या दिवशी पडद्यावर डावीकडे "पाठवा" होते, निळे, गोल, चांगले मोठे. "ठेवा" वर कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत जाऊन बसले होते.

"हे काय झालंय माझ्या पडद्याला?" तिने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे विचारले.

धाकटी उठून आली. तिच्या स्वतःच्या पडद्यावर सगळे जिथल्या तिथे होते. "तुझ्याकडेच कसं आलं हे? थांब, बघते. इथून करायचं असेल बहुतेक. मी दाखवते तुला."

"तू मला दाखवणार?" थोरली म्हणाली. दारात चहावाला उभा होता, चष्मेवाले डॉक्टरही काही कामाने आले होते. "तुला 'क'वर कुठलं बोट ठेवायचं ते मी शिकवलंय. माझं मी बघते. मला कोणाच्या मदतीची गरज नाही."

थोरली नाकावर माशी बसू द्यायची नाही, हे विभागात सगळ्यांनाच माहीत होते. धाकटी जागेवर जाऊन बसली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली आली तर पडदा पूर्वीसारखा. "गेलं वाटतं ते," धाकटी पाठमोरीच म्हणाली. विषय तिथे संपायला हवा होता.

पण संपला नाही. पुढच्याच आठवड्यात धाकटीची बस चुकली आणि तिला यायला उशीर झाला, त्या दिवशी निळे बटण पुन्हा हजर. थोरलीने दात-ओठ खात संगणकवाल्याला फोन केला. तो येतो म्हणाला आणि त्याच्या रीतीप्रमाणे दुपारी आला. तोवर धाकटी येऊन कामाला लागली होती, थोरली चहा पिऊन आली होती, आणि तो आला तेव्हा पडद्यावर "ठेवा" डावीकडे आणि "पाठवा" उजवीकडे.

"बाई, मला तर सगळं जागच्या जागी दिसतंय," तो म्हणाला.

"सकाळी नव्हतं."

"आमच्याकडून तर काही बदल केलेला नाही. आणि केला असता तर या बाईंच्या पडद्यावरही दिसला असता ना? चष्म्याचा नंबर एकदा बघून घ्या."

तो हसला, कप न्यायला आलेला चहावाला हसला. धाकटी हसली नाही, हे थोरलीच्या बरोबर लक्षात राहिले. जिला खरेच काही ठाऊक नाही ती हसली असती, असे तिला नंतर वाटले.

इथे तिच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस ती मुद्दाम धाकटीच्याही आधी आली आणि धाकटी येताच, यंत्रे चालू व्हायच्या आधीच, तिला म्हणाली, आज आपण यंत्रांची अदलाबदल करू, माझ्या खुर्चीवर ऊन येते. दोघी एकमेकींच्या जागी बसल्या, आपापले नाव घालून पडदा उघडला. निळे बटण थोरलीच्या मागोमाग धाकटीच्या यंत्रावर आले. थोरलीच्या यंत्रावर धाकटीचे काम मात्र सुखाने चालले होते. म्हणजे खोड यंत्रात नव्हती, नावात होती. थोरलीच्या नावात शिरायची किल्ली जगात दोघींकडे होती, एक ती स्वतः आणि दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून बसलेली.

कारण शोधायलाही लांब जावे लागले नाही. अधीक्षकसाहेबांनी मागेच सगळ्यांना बोलावून सांगितले होते की आता डॉक्टर बोलतील तसे यंत्रच टाइप करणार आहे, तेव्हा टायपिंगच्या खोलीत फार दिवस दोघींचे काम राहणार नाही. जिला नवे जमेल ती राहील. दुसरीला फाटकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसावे लागेल. थोरलीला त्या खिडकीची धास्ती होती. आयुष्यभर हेडफोन लावून, दार लोटून काम केलेले. आता उतारवयात फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शौचालय कुठे आहे ते सांगायचे, म्हणजे इतकी वर्षे काय केले? तिला ती खोली हवी होती. निवृत्त व्हायचे तर त्याच खुर्चीवरून उठून, एवढीच तिची इच्छा होती.

त्या दिवसापासून तिने डबा खिडकीकडे तोंड करून खायला सुरुवात केली. धाकटीने एकदा विचारले, "बरं नाही का तुला?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीये."

मग तो रिपोर्टचा प्रकार झाला. धाकटीची आई न्हाणीघरात पडली होती, म्हणून ती अर्धा दिवस येणार नव्हती. थोरली आली, पडद्यावर निळे बटण होते, तिने पाहिलेही. पण कानात आवाज सुरू झाला आणि सवयीने डोळे मिटले. एका माणसाच्या छातीचे चित्र होते. चष्मेवाले डॉक्टर म्हणाले, उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसतो. मग थांबले. थोरलीचा हात डावीकडे गेला. डॉक्टरांचे पुढचे वाक्य होते की हा जुना, भरून आलेला व्रण आहे, काळजीचे कारण नाही. ते वाक्य वॉर्डात गेलेच नाही. दुपारी त्या माणसाची बायको आणि भाऊ मधल्या व्हरांड्यात भिंतीला टेकून रडत होते आणि तो माणूस त्यांची समजूत घालत होता. थोरली पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा तिने ते पाहिले. कोण आहेत म्हणून परिचारिकेला विचारले तेव्हा कळले की हाच तो छातीच्या चित्राचा माणूस, आणि पाणी न पिताच ती खोलीत परतली.

चष्मेवाले डॉक्टर स्वतः जाऊन त्यांना समजावून आले. अधीक्षकांनी थोरलीला बोलावून घेतले. "असं पुन्हा झालं तर मला विचार करावा लागेल," एवढेच ते म्हणाले. कसला विचार, ते दोघांनाही माहीत होते.

घरी गेल्यावर नवऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि मान डोलावली. "ती नेमकी त्याच दिवशी नव्हती?"

"आई पडली म्हणाली."

"पडली असेलही. पण कारभार आदल्या संध्याकाळी करून ठेवता येतो. आपण जागेवर नसताना उडवून द्यायचं म्हणजे बोट आपल्याकडे येत नाही. आमच्याकडे एकाने पितळेची—"

पितळेची गोष्ट थोरलीने ऐकून घेतली नाही, पण ते आदल्या संध्याकाळचे वाक्य तिच्या मनात घट्ट बसले. दुसऱ्याच दिवशी तिने धाकटीला सांगितले, "उद्यापासून माझं मशीन माझं मी उघडीन. तू हात लावू नकोस."

"का गं?"

"असंच. रिपोर्टचं झालं ना, आता जबाबदारी माझी मलाच घेऊ दे."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलणार असे वाटले, आणि मग "बरं" म्हणून हेडफोन लावून बसली. त्यानंतर थोरली रोज स्वतः पडदा उघडू लागली आणि तो जुनाच दिसू लागला. आता खरे तर थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकायचा, पण संशयाचे असे असते की सगळे सुरळीत चालले की तो जास्तच वाढतो. चोर चपापलाय, असे तिच्या नवऱ्याने निदान केले. पावडरची पुडी त्याने स्वतः बांधून दिली.

सकाळी थोरली मुद्दाम नेहमीच्या वेळेला गेली. धाकटी आपल्या जागेवर होती. तिच्या गडद रंगाच्या कोटाच्या उजव्या बाहीवर, अगदी कडेला, पांढरा पट्टा उमटला होता. थोरली आपल्या माउसजवळ वाकली. पावडर विस्कटलेली होती आणि तिने नाव घालून उघडला तर पडदा जुना, शहाण्यासारखा. क्षणभर तिला वाटले, आपण हे पाहिलेच नाही असे करावे. पुडी फेकून द्यावी, डबा मागे तोंड करून उघडावा. पण त्या माणसाची रडणारी बायको तिला आठवली आणि स्वतःची खुर्चीही आठवली. कोणती आधी आठवली, हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारले.

ती सरळ अधीक्षकांकडे गेली.

अधीक्षक वाईट माणूस नव्हता. भांडणे त्याला आवडत नसत आणि बायकांची भांडणे तर मुळीच नाही. त्याने धाकटीला बोलावले, बसायला सांगितले. ती बसली नाही.

"तुम्ही यांच्या नावानं मशीन उघडता?"

"हो."

"यांनी नको सांगितल्यावर पण?"

"हो."

"का?"

धाकटीने थोरलीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. राग नव्हता त्यात, ती कसला तरी हिशेब करत असावी, असे थोरलीला वाटले. "सवय आहे साहेब," ती शेवटी म्हणाली. "आधी येणारी उघडते."

"आणि उघडून काय करता?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" थोरलीला आता धरवेना. "साहेब, बघा, सांगता येत नाहीये. माझ्या पडद्यावरची बटणं ही फिरवते. मी चुकावं म्हणून. त्या पेशंटच्या घरच्यांना रडवलं हिनं."

यावर तरी धाकटी काही बोलेल, असे अधीक्षकालाही वाटले असावे. तो थांबला. धाकटीने तोंड उघडले, पुन्हा थोरलीकडे पाहिले आणि मिटले. मग कोटाच्या बाहीवरची पावडर तिला दिसली. ती तिने डाव्या हाताने झटकली, हळूहळू, सगळी जाईपर्यंत.

सोमवारपासून धाकटी फाटकावरच्या खिडकीत बसू लागली. जाताना तिने हेडफोन पुसून ठेवले होते, दोन्ही.

पहिल्या दिवशी थोरली स्वतः नवा पासवर्ड घालून पडदा उघडून बघते, तर निळे बटण. दुसऱ्या दिवशीही तेच आणि तिसऱ्या दिवशीही. जाता जाता काहीतरी कायमचे करून गेली, असे थोरली मनाशी म्हणाली. खिडकीतून करत असेल, तिथेही संगणक आहेच. संगणकवाल्याने पासवर्ड पुन्हा बदलून दिला, तरी फरक पडला नाही. एकदा तर तिला संगणकवाल्याचाच संशय आला, तो धाकटीशी फाटकावर उभा राहून बोलताना दिसला होता. खरे तर तो तिला बसचे विचारत होता.

शेवटी तिने नाद सोडला. ती डोळे उघडे ठेवून टाइप करू लागली. डॉक्टर थांबले की आपणही थांबायचे, कोपऱ्यातले बारीक "ठेवा" शोधायचे, दोनदा वाचायचे, मग दाबायचे. संध्याकाळी मान अवघडायची. मागची खुर्ची रिकामी होती आणि तिला वाटले होते तितके ते बरे वाटत नव्हते. दुपारी डबा उघडताना तिचा हात एकदा मागे गेला, तेव्हा ती स्वतःवरच चिडली.

काही आठवड्यांनी संगणकवाला एका मुलीला घेऊन आला. रिपोर्टचा पडदा ज्या कंपनीने बनवला त्या कंपनीची ती होती, पाठीला बॅग, चेहरा हसरा. "मला तुमच्याशीच बोलायचं होतं," ती खुर्ची ओढून थोरलीजवळ बसत म्हणाली. "आम्ही नवी मांडणी करून बघतोय. एकदम सगळ्यांना दिली तर लोकांची धांदल उडते. म्हणून आधी निवडक लोकांना देऊन बघायची. या इस्पितळात ती एकट्या तुमच्याकडे होती."

थोरलीने हेडफोन काढून ठेवले. "माझ्याकडेच का?"

"असंच. चिठ्ठी टाकावी तशी नावं निघतात. कुणाचंही निघालं असतं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर माणूस नेहमीसारखा वागत नाही ना," मुलगी म्हणाली. यात काही वावगे आहे असे तिला वाटत नव्हते. "इथल्या लोकांनाही माहीत नव्हतं." संगणकवाला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला.

"मग ते मधेच जुनं कसं व्हायचं?"

"ते तर तुम्हीच करत होता," मुलगी हसली. "इथं वर कोपऱ्यात बघा, जुनी मांडणी. ज्यांना नवं नको त्यांच्यासाठी ठेवलंय. पण ते एका दिवसापुरतं असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत नवं येतं. तुम्ही रोज सकाळी आल्या आल्या ते दाबायचा. अख्ख्या चाचणीत इतक्या चिकाटीनं कुणी दाबलं नाही. आमच्याकडे तुमची थट्टा चालायची, की या बाई काही ऐकायच्या नाहीत. आणि मग एकदम बंद केलंत. म्हणून म्हटलं, जाऊन विचारावं." तिने वही उघडली. "काय झालं? सवय झाली का?"

थोरली पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. फिकट राखाडी रंगात दोन शब्द होते. इतके दिवस ते तिथे होते आणि तिने वाचले नव्हते. तिने तिथे बाण नेला आणि दाबले. निळे बटण गेले. "ठेवा" डावीकडे आले, "पाठवा" उजवीकडे गेले.

"मी नव्हते दाबत," ती म्हणाली.

मुलीला ते समजले नाही. तिने आणखी काही विचारले आणि थोरलीने हो-नाही केले. पण ती तिथे नव्हतीच. ज्या दिवशी बस चुकली, ज्या दिवशी आई पडली, त्या दिवशी हे दाबणारे कोणी नव्हते. संगणकवाला यायच्या आधी, थोरली चहाला गेली असताना, कोणीतरी हळूच येऊन हे दाबून गेले होते. हात लावू नकोस म्हटल्यावरही धाकटी अंधारातली बस पकडून आली होती आणि पावडरीत हात घालून, हे दाबून, पडदा पुन्हा बंद करून ठेवत होती. आणि साहेबांच्या खोलीत तिने खरे सांगितले असते, तर साहेबांना काय कळले असते? थोरलीला नवे जमत नाही, एवढेच. म्हणजे खिडकी थोरलीला मिळाली असती. हा हिशेब धाकटीने तेव्हा उभ्या उभ्या केला होता. थोरलीला एकदम भडभडून आले आणि मुलगी वही मिटून घाईने उठली.

थोरली अधीक्षकांकडे गेली, या वेळी दार वाजवून. तिने सगळे सांगितले. स्वतःचे काहीही झाकले नाही, पावडरसुद्धा सांगितली. "मला नवं जमत नव्हतं साहेब. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. तिला परत बोलवा. खिडकीवर मी बसते."

अधीक्षकाने पेपरवेट फिरवला. "मग त्या दिवशी त्या बोलल्या का नाहीत?"

"मी समोर होते ना," थोरली म्हणाली.

"ठीक आहे. त्यांना यायचं असेल तर येऊ देत. तुम्ही दोघींनी ठरवा आणि मला सांगा."

फाटकावरच्या खिडकीपुढे रांग होती. थोरलीला आत जाणारे दार ठाऊक होते, पण त्या दाराने जायची तिला हिंमत झाली नाही. ती रांगेत उभी राहिली. पुढे एक म्हातारा होता, त्याच्यापुढे कडेवर मूल घेतलेली बाई. काचेपलीकडून धाकटीचा आवाज येत होता. रक्त तपासायचं तिकडे, डावीकडे वळा, नाही आजोबा, आज ते डॉक्टर नाहीत, उद्या या, सकाळी. आवाज मोठा आणि मोकळा होता. टायपिंगच्या खोलीत तो इतका मोकळा कधी नव्हता, की आपण कधी ऐकलाच नाही, हे थोरलीला ठरवता येईना.

तिची पाळी आली. धाकटीने वर पाहिले.

"मला कळलं," थोरली म्हणाली. काचेला बोलायला एक गोल भोक होते, त्यात तोंड घालून बोलावे लागत होते. "कंपनीची मुलगी आली होती. ती जुनी मांडणी. मला सगळं कळलं."

धाकटीने हातातला कागद बाजूला ठेवला.

"मी साहेबांना सांगितलंय. तू वर ये. इथं मी बसते. ते हो म्हणालेत."

"आता नवं जमतं का तुला?" धाकटीने विचारले. अगदी पूर्वीसारखे, काळजीने विचारले. त्यामुळे थोरलीला फार आशा वाटली.

"जमतं हळूहळू. डोळे उघडे ठेवते." ती थांबली. "चुकलं माझं. फार चुकलं. तू ये."

धाकटीने पुढ्यातले पेन उचलले, टोपण लावले, पुन्हा काढले. तिचे डोळे भरून आले होते, हे काचेतूनही दिसत होते.

"नको," ती म्हणाली. "मी इथंच बरी आहे. इथं ज्याला जे विचारायचं असतं ते तो समोर येऊन विचारतो."

थोरलीने गोल भोकाशी तोंड नेले. मागच्या माणसाने हातातला कागद तिच्या खांद्यावरून पुढे केला आणि म्हणाला, "झालं का बाई तुमचं?"

"झालं," थोरली म्हणाली आणि बाजूला झाली.

"बोला," धाकटी त्या माणसाला म्हणाली.